वाचकांचे प्रश्न : अनारसे हसले तेव्हा

दिवाळी उलटून गेली की या सदराकडे येणाऱ्या टपालात परदेशातल्या पत्रांची संख्या वाढते, हा माझा काही वर्षांचा अनुभव आहे. सणाच्या धामधुमीत जे मनातल्या मनात राहते, ते फराळाचे डबे रिकामे झाल्यावर कागदावर उतरते. २०२५ च्या दिवाळीनंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. घरापासून दूर साजरा केलेला सण आणि त्यातून जागी झालेली किंवा न झालेली कृतज्ञता, हाच या पाचही पत्रांचा विषय आहे. पहिल्या पत्राला मी मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मलाही अनेक वर्षे सोबत करत आला आहे.

प्रश्न : मी मूळची कराडची. लग्नाला अकरा वर्षे झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मे महिन्यात आम्ही दोन मुलांसह स्टुटगार्टला आलो, त्यामुळे ही आमची परदेशातली पहिलीच दिवाळी. मुलांना घरच्यासारखीच दिवाळी द्यायची असे ठरवून मी सगळा फराळ एकटीने करायला घेतला. चिवडा आणि शंकरपाळे जमले. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, कापडावर पसरून सावलीत सुकवले, दळून त्यात गूळ कालवला आणि पीठ मुरवत ठेवले. धनत्रयोदशीला रात्री पहिला अनारसा तुपात सोडला, तर तो हसला. दुसरा हसला, तिसराही हसला. कढईत नुसता चुरा तरंगत होता. रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे कराडला अडीच. तरीही मी सासूबाईंना फोन लावला आणि त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घे, गोळा झाकून ठेव आणि उद्या कर, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, ‘रडू नकोस. माझे पहिली तीन वर्षे हसले होते.’ फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ रडले, पण ते दुःखाचे रडणे नव्हते. अकरा वर्षे मी आयते अनारसे खाल्ले आणि या दिवसांत तुम्ही झोपता कधी, असे त्यांना एकदाही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी माझ्या धाकटीला दोन तास सांभाळले आणि माझे अनारसे झाले. चांगली जाळी पडली. मी फोन करून म्हटले, ‘आई, मला तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.’ त्या एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘आभार कसले मानतेस? आम्ही काय परके झालो?’ तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. माझ्या मनातले त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे कसे? आणि इतक्या दूर आल्यावरच ही भावना जागी झाली, म्हणजे ती खरी म्हणायची का?

उत्तर : तुमच्या सासूबाई दुखावल्या असतील, असे मला वाटत नाही. त्या बावरल्या असाव्यात, आणि त्याचे कारण तुम्ही वापरलेल्या शब्दात आहे. आपल्याकडे आभार मानायचे ते परक्यांचे. सभेत आभारप्रदर्शन सर्वांत शेवटी असते. ते सुरू झाले की लोक पायांनी चपला चाचपू लागतात, कारण आता काही उरले नाही हे सर्वांना कळलेले असते. ज्या बाईने अकरा वर्षे तुमचे ताट वाढले, तिला तो शब्द ऐकून हिशेब मिटवल्यासारखे वाटले असेल. घरच्या माणसाशी आपण हिशेब मिटवत नाही, तो उघडाच ठेवतो. एखाद्याने खूप केले की त्याच्या ऋणातच राहायला आवडेल असे आपण म्हणतो, उपकाराची जाण ठेवतो, खाल्ल्या मिठाला जागतो. यांपैकी कशातही बोलून दाखवण्याची अट नाही. तुमच्या सासूबाई याच भाषेत वाढल्या आहेत.

कृतज्ञ या शब्दाची फोड करून पाहा. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केले गेले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. या व्याख्येत आधी येते ते कळणे. भरून येणे त्याच्या मागून येते. अकरा वर्षे तुम्हाला अनारशाची चव ठाऊक होती. तांदळाचे पाणी तीन दिवस न चुकता बदलणे म्हणजे काय, पीठ दळताना तांदळात किती ओल असावी लागते, खसखशीवर थापलेला अनारसा तुपात न उलटता वरून झाऱ्याने तूप उडवत तळताना मनगट कसे भरून येते, हे तुम्हाला ठाऊक नव्हते. ते त्या रात्री कळले. तेव्हा भावना खरी की खोटी या प्रश्नाचे माझे उत्तर असे की ती त्या रात्रीच खरी झाली, कारण त्या रात्री ती तुमच्या हातांत उतरली. त्याआधी तुमच्या मनात सासूबाईंबद्दल आदर असेल, माया असेल, पण जाण असणे शक्य नव्हते. तो तुमचा दोष म्हणता येणार नाही. घरातली कर्ती बाई आपले कष्ट दिसू नयेत अशाच बेताने ते करत असते. मुले उठायच्या आत ओटा पुसलेला असतो आणि डबे भरून फडताळात गेलेले असतात.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. चकलीची भाजणी आई घरी भाजत असे. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे असे एकेक जिन्नस वेगळे भाजायचे, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गिरणीत तास-तासभर रांगेत उभे राहून ती दळून आणायची. चकल्या पाडायला आमच्याकडे जुना पितळी सोऱ्या होता. तो पिळून पिळून आईच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बेचक्यात, फोड येत असे, आणि भाऊबिजेला ओवाळताना निरांजनाचे तबक ती त्या बाजूने जरा तिरके धरत असे. ते तिरके तबक मी लहानपणापासून पाहत आले होते. तसे का, हा प्रश्न मला पडला तो मी चाळिशीत पहिल्यांदा तोच सोऱ्या हातात घेतला त्या दिवशी, आणि तेव्हा विचारायला आई नव्हती. तुमच्या सासूबाई आहेत, आणि रात्री अडीचला दुसऱ्या रिंगला फोन उचलण्याइतक्या जाग्या आहेत.

म्हणून माझे सांगणे असे की त्यांचे आभार मानू नका, त्यांना विचारा. पहिली तीन वर्षे अनारसे हसले तेव्हा त्यांना कोण काय म्हणाले होते? चौथ्या वर्षी जमले ते कुणी शिकवले म्हणून? पीठ मुरले हे त्या बोटांनी ओळखतात की वासाने? त्या म्हणतील, अंदाजाने. तो अंदाज चाळीस वर्षांचा असतो आणि तो शब्दांत सांगायची वेळ त्यांच्यावर आजवर कुणी आणलेली नसते. पहिल्या फोनला दोन वाक्ये मिळतील, पण चौथ्या-पाचव्या फोनला त्यांच्या सासूबाई, त्यांचे माहेर आणि त्यांचा पहिला दिवाळसण असे सगळे बाहेर येईल. ते एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती वही त्यांच्या हातात द्या. आपण केलेले कुणाला तरी तपशिलासह माहीत आहे, हे कळण्यासारखे सुख घरातल्या कर्त्या माणसाला दुसरे नसते.

आणखी एक करता येईल. आपल्या घरांत नरकचतुर्दशीला सर्वांत आधी उठते ती बाई आणि सर्वांत शेवटी न्हाते तीही बहुधा बाईच. पाणी तापवणे, उटणे कालवणे, प्रत्येकाच्या पाठीला तेल लावणे, कारीट काढून ठेवणे यातच उजाडते आणि तिचे स्वतःचे अभ्यंग घाईघाईत उरकते. ज्या वर्षी तुम्ही दिवाळीला कराडला जाल, त्या वर्षी त्यांच्या आधी उठा, तेलाची वाटी त्यांच्या हातून काढून घ्या आणि पहिला पाट त्यांच्यासाठी मांडा. त्या नको म्हणतील, रागावतील. तरीही मांडा.

मात्र एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते आणि ती स्पष्टच लिहिते. जाण ठेवता ठेवता कष्टांचाच गौरव सुरू होतो, आणि मग तेच कष्ट पुढच्या बाईने एकटीने उपसावेत अशी अपेक्षा तयार होते. ‘सगळा फराळ एकटीने करायला घेतला’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. नवऱ्याचा उल्लेख पत्रात एकदाच आहे, तोही नोकरीच्या संदर्भात. पुढच्या वर्षी तांदळाचे पाणी बदलायचे काम त्यांच्याकडे द्या आणि खसखशीवर अनारसे थापायला मुलांना बसवा. त्यांचेही दोन-चार हसू द्यात. त्यांच्या आजीने काय केले हे त्यांना कळण्याचा दुसरा मार्ग माझ्या माहितीत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण ते मला फार मोलाचे वाटते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपण ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे, मनुष्यऋण सांगितले आहे, आणि माणसांना आसरा देणे, जेवू घालणे हा ते फेडण्याचा मार्ग म्हटला आहे. त्या आजींकडे अनारशांची ताटली गेली नसेल, तर आजही उशीर झालेला नाही. आणि तिथे मात्र ‘डांके’ हा शब्द तोंडाने अवश्य म्हणा, कारण त्यांच्या रीतीत न बोललेली कृतज्ञता पोहोचतच नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. २०२५ मध्ये आमच्याकडे मित्रमंडळींनी लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला केले आणि पुण्यात आईने २१ ला. आई म्हणते, तुम्ही चुकीच्या दिवशी पूजा केली, ती लागू होणार नाही. मी २१ ला कार्यालयात होतो. मन खट्टू झाले. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे. अमावास्या ही सूर्य आणि चंद्र यांच्या स्थितीवरून ठरते, त्यामुळे तिचा आरंभ आणि शेवट साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. त्या क्षणी भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले आहेत, एवढाच फरक असतो. ही अमावास्या भारतीय वेळेनुसार २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरू झाली आणि २१ ऑक्टोबरला सायंकाळी सहाला काही मिनिटे असताना संपली. महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी शास्त्रवचनांचा विचार करून लक्ष्मीपूजन २१ ला दिले होते. तुमच्याकडे तीच अमावास्या २० ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली आणि २१ ला सकाळी साडेआठच्या आत संपलीही. म्हणजे न्यू जर्सीत अमावास्येची संध्याकाळ एकच होती, आणि ती २० तारखेची. तुमच्या मित्रमंडळींनी योग्य दिवशी पूजा केली, हे आईंना असे वेळांसकट सांगा. पंचांग मानणाऱ्या माणसाला पंचांगाचाच आधार पटतो.

२०२६ मध्ये हा पेच नाही. दोन्हीकडे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. पण पुन्हा कधी तारखा वेगळ्या आल्या, तर खट्टू होण्याऐवजी त्या दोन तारखांचा उपयोग करून घ्या. पुण्यात संध्याकाळी सहाला आई पूजेला बसतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेआठ, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेलेली असतील तर साडेसात, वाजलेले असतात. आपली पूजा आदल्या संध्याकाळी करा आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे फोनसमोर बसून आईंची पूजा पाहा. स्वतःच्या पूजेत माणूस कापूर, घंटा आणि नैवेद्य यांत गुंतलेला असतो. आईंच्या पूजेत तुम्हाला करायचे काहीच नसेल, त्यामुळे चौरंगावर काय काय मांडले आहे, लाह्या-बत्तासे कोणत्या वाटीत आहेत आणि वडिलांच्या वेळचे काय काय अजून तिथे आहे, हे सगळे कदाचित पहिल्यांदाच नीट दिसेल.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा असून एडिनबरामध्ये शिकतो. आम्ही पाच जण एका घरात राहतो, पण मराठी मी एकटाच. खोलीत ज्योत पेटवायला बंदी आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी एका दुकानात रात्री नऊपर्यंत कामावर होतो. परत येऊन खिचडी केली आणि घरी फोनवर सांगितले की इथेही छान दिवाळी झाली. देवावर माझा फारसा विश्वास नाही. घरापासून दूर गेल्यावर घराची किंमत कळते, कृतज्ञता वाटते, असे सगळेच म्हणतात. मला काहीच वाटले नाही, नुसते रिकामे वाटले. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काहीही कमी नाही. एकटेपणा हा एकटेपणाच असतो आणि कृतज्ञता हे त्याच्यावरचे औषध नाही. दिवसभर उभे राहून काम केलेल्या, सणाच्या रात्री एकट्याने खिचडी खाणाऱ्या माणसाला कुणी ‘तुझ्याकडे किती काय आहे, त्याबद्दल कृतज्ञ राहा’ असे सांगू लागला, तर तो उपदेश मला निष्ठुर वाटतो. जे वाटले नाही ते वाटल्याचे भासवू नका. ‘छान दिवाळी झाली’ हे घरी सांगितलेले वाक्यही एकदा दुरुस्त करा. आई-वडील काळजी करतील हे खरे, पण ते तुमच्याबद्दलची खरी काळजी करतील. आज ते एका खोट्या दिवाळीबद्दल समाधान मानून बसले आहेत आणि तुमच्याकडे एकटेपणाच्या जोडीला ते गुपितही सांभाळायला आहे.

विश्वास नसण्याबद्दल एक सुचवते. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि लक्ष्मी म्हणूनच तिची पूजा करतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपली हत्यारे धुऊनपुसून मांडतो, पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागते, वसुबारसेला गाय-वासरू ओवाळले जाते. आपल्या सणांतला फार मोठा भाग राबणाऱ्या हातांची, जनावरांची आणि वस्तूंची जाण ठेवण्याचा आहे, आणि त्यासाठी आस्तिक असण्याची अट मला तरी कुठे दिसलेली नाही. त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत तुम्हाला उभे करणारे बूट, शिक्षणाचा भार उचलणारा जुना लॅपटॉप, खिचडीचे पातेले, यांतले एखादे स्वच्छ पुसून टेबलावर मांडणे आणि शेजारी बॅटरीवरचा दिवा लावणे, एवढेच पुढच्या वर्षी करून पाहा. त्यातून काही वाटेल असे आश्वासन मी देणार नाही. पण घरातले बाकीचे चौघे हे काय चालले आहे म्हणून नक्की विचारतील आणि मग तुम्हाला बोलावे लागेल.

तुमच्या वयाची असताना मीही एक हिवाळा इंग्लंडमध्ये काढला. घरून जहाजमार्गे पाठवलेला फराळ जानेवारीत पोहोचला. चिवडा मऊ पडला होता आणि चकल्यांचा पार चुरा झाला होता. तो चुरा मी चमच्याने खाल्ला. तेव्हा मलाही कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही, फक्त भूक लागली होती एवढे आठवते. डब्याच्या तळाशी वडिलांच्या अक्षरात ‘आधी लाडू संपव, ते टिकणार नाहीत’ अशी चिठ्ठी होती. ती चिठ्ठी मी आजतागायत टाकलेली नाही. काही गोष्टी पोहोचायला जहाजापेक्षाही जास्त वेळ घेतात, तेव्हा स्वतःला घाई करू नका.

प्रश्न : भाऊबिजेला भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळले, पण ते खोटे-खोटे वाटले. दुसरा मार्ग आहे का? (टोरांटो)

उत्तर : आहे, आणि तो आपल्याकडे जुनाच आहे. जिला भाऊ नाही किंवा जिचा भाऊ जवळ नाही, ती चंद्राला ओवाळते. भाऊबीज शुद्ध द्वितीयेची, त्यामुळे त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली चंद्राची बारीक कोर असते आणि थोड्याच वेळात तीही मावळते. आकाश मोकळे असेल तर वेळ साधून बाहेर या, तिला ओवाळा आणि मग भावाला फोन करा. तो झोपेतून उठेल, कारण त्याच्याकडे पहाट असेल. तरीही करा.

प्रश्न : मी नाशिकचा, वय चौऱ्याहत्तर. मुलगा मेलबर्नला आहे. तिथे दिवाळीचा कार्यक्रम शनिवार पाहून सभागृहात होतो. ऐन दिवाळीत तिथे वसंत ऋतू असतो, सूर्य संध्याकाळी साडेसातनंतर मावळतो, त्यामुळे पणत्याही उजेडात लावतात. थंडी नाही, शेतात नवे धान्य नाही. नऊ वर्षांच्या नातीने अंगणात किल्ला केला आणि मला फोनवर दाखवला. मी कौतुक केले, पण मनात आले की ही दिवाळीची नक्कल आहे, यातून त्या मुलीला कशाची जाण येणार? माझे चुकते का?

उत्तर : तुमची खंत मला परकी वाटत नाही. दिवाळी आपल्याकडे खरिपाचे धान्य घरात येण्याच्या सुमारास येते. ज्याने खळ्यावर रास पाहिली आहे त्याला तो सण शेतापासून वेगळा काढताच येत नाही. मेलबर्नमध्ये ते नाते तुटते हे मान्यच करायला हवे. पण त्यामुळे उरते ती नक्कलच, हे मला पटत नाही, आणि त्याला आधार म्हणून आपल्याच भाषेच्या दोन समाजांचे उदाहरण देते.

कोकणातले बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू. रायगडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर पुढच्या काही दशकांत त्यांच्यातले बहुतेक जण तिकडे गेले. मलिदा हा त्यांचा विधी. घरात लग्न असो, नवे घर घेतलेले असो, कुणी आजारातून उठलेले असो किंवा प्रवासाहून सुखरूप परतलेले असो, एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करून ते ताट मांडतात. त्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ आणि सुका मेवा असतो आणि भोवती फळे ठेवलेली असतात. प्रार्थना हिब्रूत होते आणि प्रसाद सर्वांना वाटला जातो. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या गावांत ना कोकणातला भात होतो, ना माड वाढतो, तरी पोह्यांचे ते ताट तिथे आजही मांडले जाते. जे ताट इथे मागच्या परसातून भरत असे, त्याच्यासाठी तिथे मुद्दाम खोबरे शोधावे लागते. त्या शोधण्यात कोकणाची जाण आहेच, आणि मला तर ती इथल्यापेक्षा कणभर अधिक वाटते.

दुसरे उदाहरण मॉरिशसचे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला नेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांपैकी अनेकांची बोलीभाषा आता क्रेओल आहे, पण गणेश चतुर्थी त्यांनी इतकी धरून ठेवली की तो त्या देशाच्या सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. ही सुट्टी कुणीतरी मागितली, टिकवली, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवल्या, तेव्हा ती मिळाली. शनिवारच्या सभागृहालाही तुम्ही याच नजरेने पाहावे असे मला वाटते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, आणि अशा प्रत्येक मंडळात आठवडाभर नोकरी करून शुक्रवारी रात्री खुर्च्या मांडणारी, चारशे माणसांची पुरणपोळी मोजणारी माणसे असतात. शनिवार निवडला जातो तो सोयीसाठी, हे खरे. पण ती सोय कुणाची तरी सुट्टी खर्ची घालून झालेली असते. मुलगा कधी त्या खुर्च्या मांडायला जातो का, हे त्याला विचारून पाहा.

आता नातीचा किल्ला. तुम्ही कौतुक केलेत, पण तो कोणता किल्ला आहे हे विचारलेत का? बहुधा तिला ते ठाऊक नसेल, आणि इथेच तुमचे काम सुरू होते. तुम्ही नाशिकचे आहात, तर तिला साल्हेर करायला सांगा. तुमच्याच जिल्ह्यातला, १,५६७ मीटर उंचीचा, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले स्वीकारले, त्यांत तो आहे. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोगलांशी मोठी लढाई झाली आणि मराठे उघड्या मैदानात जिंकले, हे तिला फोनवर नव्हे तर पत्राने लिहून कळवा, सोबत हाताने नकाशा काढा, दरवाजे कोणत्या अंगाला दाखवायचे ते खुणा करून सांगा. किल्ल्यावर हिरवळ दिसावी म्हणून आपण आळीव किंवा मोहरी पेरतो. तिच्याकडे ऐन वसंत असतो, त्यामुळे तिचा किल्लाही छान हिरवा होईल. ऋतू उलटा असल्याचा तेवढा फायदा तिला घेऊ द्या. आणि तुम्ही नऊ वर्षांचे असताना किल्ल्यासाठी माती कुणाच्या शेतातून आणत होता, ती आणू देणारा माणूस कोण होता आणि तो तुम्हाला काय म्हणत असे, हेही त्याच पत्रात लिहा.